रिलीव्हर

कोपरखैरणे, तळमजल्याचा गाळा.
पूर्वी इथे पिठाची गिरणी होती,
भिंत झाडली की अजून पांढरं पडतं.
दर मंगळवारी मी टेबल मांडते :
दहा प्रश्नांचे कागद, दोरीला बांधलेलं पेन,
आणि सगळ्यांना दोन किलो जास्त दाखवणारा काटा.

सोपान धुमाळ. हवालदार, निवृत्त.
वडील कांदा-बटाटा मार्केटात माथाडी;
त्यांच्या पाठीवरून पोतं उतरलं
तेव्हा याच्या पाठीवर पिट्टू चढला.
आता महापेला एका गेटवर, रात्रपाळी.
तो गुडघ्यासाठी आला होता.
सगळे गुडघ्यासाठीच येतात.

गुडघा डॉक्टर बघतील, तोवर हे दहा विचारू?
सगळ्यांनाच विचारते. सुभेदार साहेबांनाही विचारले.
तो खुर्चीत ताठ झाला. "विचारा."

किती वेळा घेता?
"कोट्यात बसते तेवढीच."
एका वेळेला किती पेग?
"कुठला पेग? मेसचा, लग्नातला, की वरचा?"
वर, म्हणजे उणे तीस.
तिथे रम रॉकेलसारखी यायची,
यादीत नाव, नावापुढे गोठलेल्या हाताची सही.
घरचा सांगा, मी म्हटलं.
त्याने हवेतल्या पेल्यावर बोटं ठेवली.
तीन.
मग चौथं, जरा उशिरा.

सकाळी उठल्या उठल्या लागते?
"माझी सकाळ संध्याकाळी होते, मॅडम. नाईट आहे."
मी हसले. तोही.
मग दोघांनीही कागदाकडे पाहिलं.

रात्रीचं काही आठवत नाही, असं होतं?
"आठवू नये म्हणूनच तर..."
वरच्या मजल्यावर कुणी मिक्सर लावला.
तो थांबेपर्यंत आम्ही थांबलो.
वाक्य काही परत आलं नाही.

दहावा : घरचं कुणी काळजी करतं?
बाहेर चपलांपाशी उज्ज्वला उभी होती.
ती बाटलीवर मार्करने रेघ मारते.
तो रेघेपर्यंत पाणी भरून ठेवतो.
रंग फिका होतो, हे तिला कळतं.
तिला कळतं, हे त्याला कळतं.
एकमेकांना त्यांनी कधी सांगितलं नाही.
मला सांगितलं, वेगवेगळं, एकाच सकाळी.

बेरीज चोवीस.
"चाळीसपैकी? म्हणजे पास."
इथे उलटं असतं, मी म्हटलं.
आणि एकदम सोडू नका, अंगावर येईल.
यावर मात्र तो चक्रावला.
सोडू नका, असं त्याला
आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

पूर्वी मी चिठ्ठी द्यायचे :
ठाण्याचं हॉस्पिटल, वार, खोली नंबर.
वर्षात सतरा दिल्या, पोचले तिघे.
एक चिठ्ठी पानटपरीवर सापडली,
माझ्या अक्षरावर चुना.

तो गुडघा चोळत होता.
"गेटवर रिलीव्हर येईस्तोवर हलता येत नाही.
परवा आलाच नाही, छत्तीस तास काढले."
मग खाली बघून,
"वरून उतरलो, तेही कागदावरच.
चार्ज कुणी घेतलाच नाही."
कसला चार्ज, ते मी विचारलं नाही.
अकरावा प्रश्न कागदावर नाही.

'अर्ध्या तासात येते' ही पाटी लावली.
अर्ध्या तासात येणार नव्हते.
रबाळे, ऐरोली.
दिघ्याला तो उठला, "पुढच्या मंगळवारी नक्की."
मी तिकिटं दाखवली. तिघांची, ठाण्यापर्यंत.
उज्ज्वला खिडकीबाहेरच बघत राहिली.
तो उभाच राहिला कळव्यापर्यंत,
पण उतरला नाही.

नऊ नंबरमध्ये डिमेलो.
स्वतः अकरा वर्षं कोरडे; सांगत नाहीत,
विचारलं तर लपवत नाहीत.
सोपानने नंबर, रँक, नाव सांगितलं.
डिमेलोंनी खुर्ची ओढली :
"बसा. दोनपर्यंत मी इथेच.
दोननंतर फोनवर."

कागदावर मी वेळ घातली, अकरा चाळीस,
खाली लिहिलं, दिला.
त्यांनी लिहिलं, घेतला.

बाहेर बाकावर उज्ज्वलाने पर्स उघडली,
मार्करचं टोपण घट्ट बसवलं
आणि मार्कर परत आत ठेवला.
टाकला नाही.

परतीच्या बसमध्ये आठवलं,
गुडघा राहिलाच.